वाचक विचारतात : हार्डीच्या कादंबरीतलं गाव कुठं गेलं?

पाठीमागच्या अंकात जाता जाता इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीचं नाव घेतलं होतं, तेवढ्यावरनं इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, खरंच बरं वाटलं. त्यातली तीन या खेपेला घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न (खानापूर तालुक्यातल्या एक विद्यार्थिनी) : सर, एम.ए.ला आम्हाला हार्डीच्या दोन कादंबऱ्या आहेत, 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' आणि 'ज्यूड द ऑब्स्क्युअर'. पहिली वाचताना मजा आली, मेंढरं, सुगी, गावातली म्हातारी माणसं, सगळं आमच्याकडचंच वाटलं. ज्यूड वाचून मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. ही दोन्ही एकाच माणसानं लिहिलीत हे पटतच नाही. मधे त्याच्या घरात काही वाईट घडलं काय? गाईडमधे 'पुढे हार्डी निराशावादी झाला' एवढंच लिहिलंय. मधली कुठली पुस्तकं वाचली तर हा बदल कळेल?

उत्तर : ताई, गाईडमधलं ते वाक्य आधी पेन्सिलीनं खोडून टाका. निराशावादी हा शब्द लावला की विषय संपतो, आणि तुमचा प्रश्न तर तिथनंच सुरू होतोय.

घरात काही घडलं काय, हे आधी बघू. हार्डीचा सगळ्यात जवळचा मित्र, ज्यानं त्याला पुस्तकं दिली, वाचायला शिकवलं असंच म्हणा, तो होरेस मूल, त्यानं केंब्रिजमधे आत्महत्या केली ती सप्टेंबर 1873 मधे. म्हणजे नेमकं हार्डी 'मॅडिंग क्राउड' लिहीत होता तेव्हा. तुम्हाला ज्या पुस्तकात मजा आली ते पुस्तक त्या दिवसांतलं आहे. आणि ज्यूड लिहिताना काय होतं? नाव झालेलं, पैसा आलेला, डॉर्चेस्टरजवळ स्वतः प्लॅन काढून बांधलेलं घर. बायकोशी, एमाशी, तेव्हा पटत नव्हतं हे खरं आहे, ते मी झाकत नाही. पण घरातल्या सुखदुःखावरनं पुस्तकाचा रंग काढायला गेलं तर हिशेब जुळत नाही, एवढं नक्की.

मला विचाराल तर बदल दुसराच आहे. सुरुवातीच्या हार्डीत गाव मोठं असतं आणि रस्ता लहान, शेवटच्या हार्डीत रस्ताच रस्ता आणि गाव नावालासुद्धा शिल्लक नाही.

तुमच्याच पुस्तकातलं चाळीसावं प्रकरण परत काढा. फॅनी रॉबिन. सार्जंट ट्रॉयनं सोडलेली, पोटुशी, रात्रीची एकटी कॅस्टरब्रिजच्या रस्त्यानं वर्कहाउसकडं चाललीय, म्हणजे गोरगरिबांना ठेवायचं सरकारी घर तिकडं. पाय उचलत नाहीत म्हणून दोन काठ्यांच्या कुबड्या करते, मग त्याही पुरत नाहीत, मग स्वतःचीच समजूत काढते की पुढच्या पाच खांबांपर्यंतच जायचंय, ते आले की आणखी पाच, आणि शेवटी कुठनं तरी एक मोठं कुत्रं येतं, त्याच्या अंगावर भार टाकून ती दारापर्यंत पोचते. आत घेतल्यावर विचारते, ते कुत्रं कुठं गेलं? आतला माणूस सांगतो, मी दगड मारून हाकललं त्याला. प्रकरण तिथंच संपतं. मी हे पंचवीस वर्षं शिकवलं, दरवेळी त्या ओळीला वर्गात एकदम शांत व्हायचं.

म्हणजे काळोख 1874 ला पण होताच की. फक्त तो एका प्रकरणात होता, आणि त्याच्या आजूबाजूला गाव होतं, मेंढरं धुणारे, माल्टहाउसमधे, म्हणजे दारूसाठी धान्य भिजवून वाळवायच्या घरात, बसून गप्पा मारणारे म्हातारे, वादळाच्या रात्री गंज्या झाकणारा गॅब्रिएल ओक. फॅनीच्या रस्त्यावरचं ते एक प्रकरण 1891 ला त्याच्या 'टेस' या कादंबरीत अख्खं पुस्तक झालं. आणि 1895 ला ज्यूडमधे तर आजूबाजूचं गावच काढून टाकलं त्यानं.

आता मधली पुस्तकं. आधी थोडं मागं जा, 'अंडर द ग्रीनवुड ट्री', 1872 ची, लहानशी आहे, दोन दिवसांत होते. गावातल्या चर्चात व्हायोलिन वाजवून गाणारी जुनी मंडळी असतात, नवा पाद्री येतो आणि त्यांच्या जागी ऑर्गन बसवतो, वाजवायला शाळेतली तरुण मास्तरीण. बस, एवढीच गोष्ट, वर एक लग्न. हार्डीचे आजोबा आणि वडील असेच स्टिन्सफर्डच्या चर्चात वाजवायचे, हार्डी स्वतः पोरवयात लग्नाकार्यात फिडल वाजवायला जायचा, म्हणून ते सगळं आतनं आलंय. आमच्या गावात सप्त्याला कीबोर्ड आला तेव्हा पखवाजवाले एक आजोबा मांडीवरचा पखवाज उतरवून गुमान मागं जाऊन बसले होते, भांडले नाहीत, काही नाही. ती कादंबरी वाचताना मला तेच आजोबा दिसतात. पण बघा, त्या पुस्तकात मंडळींची जागा गेली तरी मंडळी गावातच राहतात, शेवटी झाडाखाली लग्नाला सगळे एकत्र नाचतात. 1872 च्या हार्डीला गाव असा धक्का पचवेल असं वाटत होतं.

मग 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज', 1886. ही मात्र चुकवू नका. उघडल्या उघडल्या रस्ता. एक गवताचे भारे बांधणारा मजूर, बायको, कडेवर पोर, शेजारी शेजारी चाललेत पण एकमेकांशी बोलत नाहीत. जत्रेत तो दारूच्या नशेत बायकोला पाच गिनींना विकतो. पुढं तोच हेंचर्ड शहराचा मेयर होतो, आणि परत पायउतार होत होत त्याच रस्त्याला लागतो. शेवटी सावत्र लेकीच्या लग्नाला पिंजऱ्यातला एक गोल्डफिंच पक्षी भेट म्हणून आणतो, आत जायचा धीर होत नाही म्हणून पिंजरा बाहेर झुडपाखाली ठेवतो, आणि मग तिच्या दोन बोलांनीच परत फिरतो. काही दिवसांनी पिंजरा सापडतो, आत पक्षी उपाशी मेलेला. हा भाग हार्डीनं पहिल्या इंग्लिश आवृत्तीतनं गाळला होता, 1895 च्या आवृत्तीत परत घेतला. माझ्या मते तो नसता तर ती कादंबरी निम्मी झाली असती. इथं गाव आणि रस्ता बरोबरीला आलेत, म्हणून मी हे पुस्तक मधोमध ठेवतो.

आणि 'टेस'. तिच्यात तुम्ही शेवटाकडचं बिऱ्हाड हलवायचं प्रकरण नीट बघा. डॉर्सेटमधे शेतमजुरांचे वर्षाचे करार लेडी डेला संपायचे, जुन्या कॅलेंडरनं 6 एप्रिल, त्या दिवशी सगळ्या रस्त्यांवर सामानानं भरलेल्या गाड्याच गाड्या. टेसच्या बापाचं घर तीन पिढ्यांच्या हयातीपुरतं होतं, बाप शेवटचा, तो मेला की घरावरचा हक्क संपला, मालकाला घर आपल्या मजुरांसाठी पाहिजे. मग गाडीत सामान चढतं. घरातलं भांड्याचं मोठं कपाट, हाताच्या खुणा पडून चकचकीत झालेलं, गाडीच्या पुढच्या बाजूला देव ठेवल्यासारखं उभं. आणि जिथं जायचं तिथं पोचतात तर खोल्या आधीच दुसऱ्याला दिलेल्या. मग चर्चच्या भिंतीला लागून, ज्या भिंतीच्या आत यांच्याच खानदानी पूर्वजांची थडगी आहेत तिथं, उघड्यावर पलंग मांडून पोरांना झोपवतात. खानापूर स्टँडवर गोव्याच्या गाडीसाठी बोचकी, कुकर, गुंडाळलेली गादी घेऊन थांबलेली माणसं तुम्ही रोज बघत असाल, त्यामुळं मी जास्त सांगत नाही.

यातला बराच भाग हार्डीनं आधीच एका लेखात लिहून ठेवला होता, डॉर्सेटच्या शेतमजुरांवरचा तो लेख 1883 चा, त्यातले उतारेच्या उतारे टेसमधे आलेत. आणि त्या लेखात तो नुसता रडत बसलेला नाही हे महत्त्वाचं. तो म्हणतो, सारखं हलल्यामुळं या लोकांना थोडं स्वातंत्र्य मिळालं, मालकापुढं मान वर करता आली, आणि बघणाऱ्याला गोड दिसावं म्हणून त्यांनी जुन्या जागी रुतून राहावं असं म्हणायचा कुणाला अधिकार नाही. म्हणून मला निराशावादी शब्द खटकतो. जो माणूस दोन्ही बाजू इतक्या नीट बघतो त्याला गाईडवाल्यांनी एका शब्दात मोडीत काढलं.

आता ज्यूड. पहिलंच प्रकरण उघडा, मेरीग्रीन गावात जुनं चर्च पाडलेलं, जुनी शाकारलेली घरं पाडलेली, झाडं तोडलेली, जुन्यातली राहिलीय फक्त विहीर. पोरगा ज्यूड तिथं पाणी काढतोय. गाव गेलं, विहीर राहिली. आणि पुस्तकाचे सहा भाग, प्रत्येकाला एका ठिकाणाचं नाव, मेरीग्रीन, क्राइस्टमिन्स्टर, मेल्चेस्टर, शॅस्टन, 'अल्डब्रिकहॅम आणि इतरत्र', शेवटी परत क्राइस्टमिन्स्टर. ते 'इतरत्र' वाचलं की मला दरवेळी गलबलून येतं. माणसाचा पत्ताच राहिला नाही. फॅनी मेली तेव्हा निदान तिची शवपेटी आणणारे, वाटेत थांबून तिच्याबद्दल बोलणारे गाववाले होते, ज्यूड मरतो तेव्हा बाहेर नदीवर बोटींच्या शर्यतीचा ओरडा चाललेला असतो आणि खोलीत कुणी नसतं. तुमचं जेवण गेलं ते यामुळं, असं मला वाटतं.

तर क्रम असा ठेवा, ग्रीनवुड ट्री, मग तुमचं मॅडिंग क्राउड परत, मग मेयर, मग टेस, आणि ज्यूड शेवटी, सुट्टी असेल तेव्हा. मधली 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' (1878) आणि 'द वुडलँडर्स' (1887) जमल्या तर घ्या, दोन्ही चांगल्या आहेत. 'अ लाओडिशियन' राहू दे, आजारी पडून अंथरुणातनं बायकोला सांगून लिहवलेली आहे आणि ते जाणवतं.

प्रश्न (निपाणीहून एक निवृत्त शिक्षक) : ज्यूडवर टीका झाली म्हणून हार्डीने कादंबरी लिहिणं कायमचं सोडलं असं आम्ही कॉलेजात शिकलो. एवढा मोठा लेखक टीकेला एवढा घाबरला असेल काय?

उत्तर : गुरुजी, घाबरला नाही, कंटाळला. टीका भरपूर झाली हे खरं, वेकफिल्डच्या बिशपनं आपण ते पुस्तक जाळलं असं जाहीर केलं, आणि हार्डीनं पुढं लिहून ठेवलं की मला जाळता येत नाही म्हणून पुस्तक जाळलं असेल. पण कंटाळा त्याच्या बराच आधीपासनंचा आहे.

त्या वेळच्या कादंबऱ्या आधी मासिकात, साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं यायच्या आणि मासिक घरातल्या पोरीबाळींच्या हातात जायचं म्हणून संपादक कात्री घेऊनच बसलेले. सुरुवातीला हार्डीनं ते मान्य केलं होतं. 1871 ची पहिली छापलेली कादंबरी, 'डेस्परेट रेमेडीज', तिला स्वतःच्या खिशातले 75 पौंड घालून छापून घेतलेली, अशा माणसाला 'कॉर्नहिल'सारख्या मासिकानं बोलावलं तर तो काय बोलणार? संपादक लेस्ली स्टीफनला त्यानं सरळ कळवलं की पुढं कधी मोठं ध्येय ठेवीन, आत्ता मला हप्त्यांचं काम चांगलं करणारा माणूस म्हणून ओळखलं तरी पुरे.

पण टेसच्या वेळी हद्द झाली. आधी एका वृत्तपत्रवाल्यांनी घेतो म्हणून करार केला आणि मजकूर वाचून सोडला, मग दोन मासिकांनी नाही म्हटलं, शेवटी 'द ग्रॅफिक' साप्ताहिकानं घेतली ती भरपूर काटछाट करून. टेसवरच्या अत्याचाराचा भाग आणि मरणाऱ्या बाळाला ती रात्री स्वतःच बाप्तिस्मा देते तो भाग, दोन्ही काढून दुसऱ्या नियतकालिकांत वेगळे छापायला लागले. आणि एक प्रसंग तर बघा. पावसाच्या पाण्यानं रस्ता भरलाय, टेससकट चार गवळणी चर्चला निघाल्यात, एंजल, म्हणजे टेसचा पुढं होणारा नवरा, त्यांना एकेकीला उचलून पलीकडं नेतो, चौघीही मनातनं त्याच्यावर जीव लावून बसलेल्या, पुस्तकात त्या दोन पानांत हातांचा, श्वासांचा सगळा खेळ आहे. साप्ताहिकाला हे चाललं नाही. मग हार्डीनं एंजलच्या हातात हातगाडी दिली, एकचाकी, माती वाहायची, त्यात बसवून पोरी पलीकडं नेल्या. पुस्तक निघालं तेव्हा त्यानं सगळं परत जागच्या जागी बसवलं. प्रत्येक कादंबरी दोनदा लिहायची, एकदा त्यांच्यासाठी मोडायची आणि एकदा आपल्यासाठी जोडायची, असं किती वर्षं करणार माणूस? ज्यूडच्या वेळीही 'हार्पर्स' मासिकासाठी हेच करायला लागलं.

आणि कविता ही त्याची पहिली ओढ, लंडनला आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करताना 1860 च्या दशकात लिहिलेल्या कविता कुणी छापल्या नव्हत्या, त्या त्यानं जपून ठेवल्या होत्या. टेसनं पैसा दिला, मग पोटासाठी हप्ते लिहायची गरज उरली नाही. 1897 ला 'द वेल-बिलव्हड' पुस्तकरूपानं आली, ती आधीच हप्त्यांत येऊन गेलेली, आणि 1898 ला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिला कवितासंग्रह. त्यानंतर 1928 ला मरेपर्यंत कविताच, नऊशेहून जास्त. 1912 ला एमा गेली, शेवटची कित्येक वर्षं एका घरात दोघं परक्यासारखी राहिली होती, आणि ती गेल्यावर हा बहात्तर वर्षांचा माणूस कॉर्नवॉलला, जिथं ती पहिल्यांदा भेटली होती तिथं जाऊन आला आणि तिच्यावर कविता लिहिल्या. गुरुजी, त्या कविता जरूर वाचा. माझ्या लेखी त्याच्या सगळ्या लिखाणात त्या वरच्या.

प्रश्न (बेळगावजवळच्या एका खेड्यातला तरुण वाचक) : मी गोष्टी लिहितो. माझी माणसं 'काय करालास गा', 'जाऊन आलो की' अशीच बोलतात, मधे कन्नड शब्द येतात. एका संमेलनात एका मान्यवरांनी सांगितलं, ही भाषा अशुद्ध आहे, प्रमाण मराठीत लिही. दुसरे म्हणाले, जसं ऐकतोस तसं अक्षर न अक्षर लिही. हार्डीने काय केलं?

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण हार्डीला दोन्ही सल्ले मिळाले होते आणि त्यानं दोन्ही ऐकले नाहीत.

तो डॉर्चेस्टरला ज्या ऑफिसात काम शिकला त्याच्या शेजारीच विल्यम बार्न्सची शाळा होती. बार्न्स म्हणजे डॉर्सेटच्या बोलीतला मोठा कवी, तो उच्चारासकट बोली लिहायचा. हार्डीला त्याच्याबद्दल फार आदर, 1908 ला त्याच्या निवडक कविता यानंच संपादित केल्या. पण कादंबरीत त्यानं ती वाट धरली नाही. 1878 ला कुणीतरी त्याच्या खेडूतांच्या भाषेवर टीका केली तेव्हा त्यानं छापील उत्तर दिलं, त्याचा मतलब असा की प्रत्येक उच्चार जसाच्या तसा कागदावर काढला तर वाचणाऱ्याचं लक्ष माणसाच्या बोलण्याच्या विचित्रपणावर जातं, तो काय म्हणतोय त्यावर राहत नाही. म्हणून त्यानं बोलीची ठेवण घेतली, वाक्याची चाल घेतली, खास शब्द घेतले, आणि स्पेलिंग बहुतेक साधं ठेवलं.

पुढं पुढं तर त्यानं बोलीलाच गोष्टीचा विषय केला, आणि इथं तो आणखी वाढलेला दिसतो. मेयरमधे हेंचर्डची ती सावत्र लेक, एलिझाबेथ-जेन, बापाला सहज म्हणते, जरा थांबा, पण गावाकडच्या शब्दात म्हणते, आणि हेंचर्ड भडकतो, असले शब्द वापरतेस, तू काय डुकरांना खरकटं घालायच्या लायकीची आहेस काय? जो स्वतः भारे बांधायचा तो हे बोलतोय, कारण आता तो मेयर आहे. ती पोरगी बिचारी त्या दिवसापासनं एकेक शब्द सोडायला लागते. भुंग्याला त्यांच्याकडं डम्बलडोर म्हणायचे, हॅरी पॉटरमुळं तुला नाव माहीत असेल, तो शब्दही ती टाकते. घरातलं प्रेम आटत चाललंय हे हार्डीनं शब्द गळताना दाखवलं.

आणि टेस. ती शाळेत सहावी इयत्ता पास झालेली, लंडनला शिकलेल्या बाईंच्या हाताखाली. पहिल्या आवृत्तीत हार्डीनं लिहिलं की तिच्या तोंडात बोली येते ती फक्त आनंद, आश्चर्य नाहीतर दुःख झालं की. नंतरच्या आवृत्तीत त्यानं ते बदललं आणि लिहिलं की तिला दोन भाषा येतात, घरात बोली आणि बाहेर, मोठ्या लोकांशी, साधी इंग्रजी. बघ, केवढा फरक आहे. आधी बोली म्हणजे भावना आवरली नाही की निसटणारी गोष्ट होती, नंतर ती सरळ एक भाषा झाली. तू तर घरात मराठी, दुकानात कन्नड, कॉलेजात इंग्रजी बोलत असशील, कुठल्या दारात कुठली भाषा निघते ते तुला कुणी शिकवायला नको.

तर 'करालास' ठेव, 'गा' ठेव, कन्नड शब्द जिथं त्या माणसाच्या तोंडात खरंच येतो तिथं ठेव आणि त्याचा अर्थ कंसात देऊ नको, पुढच्या वाक्यातनं कळू दे. निवेदन तुझ्या नेहमीच्या मराठीत लिही. आणि तुझ्या गोष्टीत आजी आणि नातू असतील तर दोघांचं 'करालास' सारखंच येतंय काय हे एकदा तपास, नातू बेळगावच्या कॉलेजला जायला लागल्यापासनं कुठला शब्द घरी ठेवून जातो ते बघ. गोष्ट झाली की पाठवून दे, मी वाचीन.